मिठाच्या बर्फातली बाटली

जेनिफर रडली नाही, याचंच आग्नेलला मोठं अप्रूप वाटलं.

मांडीला बधिर करायची सुई टोचली तेव्हा तिने त्याचा अंगठा घट्ट आवळला आणि डोळे मिटून घेतले. पण कातडी बधिर झाल्यावर या छोट्या बाईसाहेब मान उचलून बघायलाच लागल्या. डॉ. वसुंधरा पाटणकरांच्या हातात पेनासारखं काहीतरी होतं. त्याच्या टोकाला बारीक गोल पातं. त्यांनी ते मांडीवरच्या एका डागावर टेकवलं, दोन बोटांनी फिरवलं आणि चिमट्याने मसुराएवढा तुकडा उचलून बाटलीत टाकला. एक टाका, वर पट्टी. संपलं.

"एवढंच?" जेनिफरने विचारलं.

"एवढंच. मोठं काही हवं होतं का तुला?" डॉक्टर हसल्या. "तुझ्या पप्पांकडे बघ. टाका त्यांनाच घातलाय असं वाटतंय."

आग्नेलने शर्टाच्या बाहीने कपाळ पुसलं. खोलीत एसी चालू होता, तरी त्याला घाम आला होता.

बायॉप्सी हा शब्द त्याच्या घरात दुसऱ्यांदा आला होता. पहिल्यांदा आला तो रिटाच्या पोटदुखीच्या वेळी. तेव्हा त्याला वाटलं होतं की ते एका तपासणीचं नाव आहे. पुढे वर्षभरात रिटा गेली, आणि त्या शब्दाचा त्याने धसकाच घेतला. म्हणून डॉक्टरांनी जेनिफरसाठी तोच शब्द काढला तेव्हा तो खुर्चीतून उठला. त्याने पोरीला बाहेर बाकावर बसवलं आणि आत येऊन दार लावून घेतलं.

"डॉक्टर, आठ वर्षांची आहे ती."

"म्हणूनच करायचीय," डॉक्टर म्हणाल्या. "हे बघा आग्नेल, नाताळपासून डाग येतायत, जातायत. मलमाने दबतात, पुन्हा उठतात. वरून सारखे दिसणारे दोन-तीन आजार आहेत. बहुतेक साधाच निघेल. पण त्यातला एक साधा नाही. मुलांमध्ये तो फार क्वचित दिसतो. तो नाही ना, एवढं मला पक्कं कळायला हवं. आणि ते वरून बघून कळत नाही, आतली कातडी बघावी लागते."

"तो एक म्हणजे कॅन्सर?"

"कातडीतला एक प्रकार. मला तसं वाटत नाही. पण नुसत्या वाटण्यावर मी तुम्हाला घरी पाठवणार नाही."

बाहेर आल्यावर जेनिफरने त्याला सरळ विचारलं होतं, "एकदाच ना?"

"एकदाच."

"मम्मीला पण एकदाच म्हनायचे."

हे खरं होतं. हॉस्पिटलात रिटाच्या उशाशी बसून पोरीने ते ऐकलेलं होतं. एकच सुई, एकच बाटली, आता हे शेवटचं. नर्स म्हणायची, रिटाची आई म्हणायची, आग्नेलही म्हणायचा. पोर गप्प बसून ऐकायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सुई आली की बापाकडे बघायची.

"मी म्हनतोय ना," आग्नेल म्हणाला. "एकदाच. माझा शब्द."

आता ते एकदा झालं होतं, आणि पोर रडली नव्हती. आग्नेलच्या अंगावरचं अर्धं ओझं उतरलं.

रोज बाटल्या घेऊन जाणारा लॅबचा माणूस त्या दिवशी येऊन गेला होता. विरारच्या त्या दवाखान्यातल्या मुलीने विचारलं, "काका, तुम्ही उद्या नालासोपाऱ्याला जाता ना? जाताना लॅबमध्ये द्याल? आत औषधाचं पाणी आहे. झाकण उघडू नका, फ्रिजमध्ये ठेवू नका, आणि चिठ्ठी सोबत द्या."

"देतो की," आग्नेल म्हणाला. नालासोपाऱ्याला तर तो रोजच जायचा.

रिटा होती तोवर आग्नेल भावाबरोबर होडीवर जायचा आणि मासळी रिटा विकायची. ती गेल्यावर रात्री घरात पोरीजवळ कोणी तरी हवं, म्हणून त्याने होडी सोडली. आता तो एका जुन्या तीनचाकी टेम्पोतून आपल्या राजोडी गावची मासळी विरार-नालासोपाऱ्याच्या खानावळींना आणि बाजारातल्या बायकांना पोचवायचा. या कामात त्याचा हात चांगला बसला होता. पेटीत खाली बर्फाचा चुरा, वर मासळी, पुन्हा चुरा, कडेने जाडं मीठ. मीठ टाकलं की बर्फ जास्त गार होतो. पण ते फक्त कडेला. मासळीला लागलं तर ती गोठते आणि मग शिजवल्यावर भुसभुशीत होते. आग्नेलची मासळी कोणी परत पाठवली, असं अजून झालं नव्हतं.

तो घरी आला तेव्हा त्याची थोरली बहीण फिलू ओट्यावर बोंबील साफ करत बसली होती. फिलूचं घर भिंतीला भिंत लागून. रिटा गेल्यापासून जेनिफरचं जेवणखाण, शाळेचा डबा, सगळं तीच बघायची आणि त्याबद्दल आग्नेलला रोज दोन शब्द ऐकवायची.

"ते काय हातात?"

"जेनीचा तुकडा. उद्या लॅबला द्यायचाय."

"जेझू मारी!" फिलूने हात पदराला पुसून छातीवर क्रूस केला. "आन इकडं. आल्तारावर ठेवते, मारिया माउलीच्या पायाशी. रातभर ती बघील."

"अगं, घरात किती गरम होतंय! मार्च संपत आला. मांसाचा तुकडा आहे तो, नासला तर?"

"मग फ्रिजमध्ये टाक."

"फ्रिजमध्ये नको म्हनाली ती पोरगी."

"मग आल्तारावर ठेव! दुसरं काय राहिलं?"

दुसरं राहिलं होतं ते आग्नेलच्या अंगणात होतं. फ्रिजमध्ये नको म्हणाली, यात त्याला काही नवल वाटलं नाही. फ्रिज म्हणजे बिनभरवशाचं काम. लाईट गेली की संपलं, आणि फ्रिजमध्ये चार दिवस पडलेल्या मासळीला काय वास येतो ते त्याला माहीत होतं. बर्फाचं तसं नसतं. बर्फात त्याने विरारपर्यंत काय, एकदा थेट नाशकापर्यंत सरंगे पाठवले होते आणि ते ताज्या, चकचकीत डोळ्यांनी पोचले होते. त्याने पोरीचा तुकडा ठेवायला सगळ्यात चांगली पेटी काढली, धुतली, पुसली. चुरा भरला. बाटली पिशवीत गुंडाळून मधोमध उभी केली. मग मूठभर मीठ घेतलं. मासळी असती तर कडेनेच टाकलं असतं. पण ही बाटली, झाकण घट्ट, आत औषधाचं पाणी, त्याला काय होतंय? पोरीचं काम आहे, कमी नको पडायला. त्याने आणखी दोन मुठी टाकल्या, अगदी बाटलीच्या भोवती, आणि झाकण दाबून बसवलं.

रात्री तो बऱ्याच महिन्यांनी गाढ झोपला.

सकाळी मासळीच्या आधी तो लॅबमध्ये गेला. काउंटरवर स्वप्ना नावाची मुलगी होती. तिने बाटली हातात घेतली आणि पटकन दुसऱ्या हातात घेतली.

"ई, एवढी थंड कशी?"

"बर्फात होती ना," आग्नेल अभिमानाने म्हणाला.

स्वप्नाने बाटली उजेडात धरली, आडवी केली, उलटी केली. आत काहीच हललं नाही.

"काका, हे गोठलंय."

"मग चांगलंच ना? ताजं राहिलं."

स्वप्नाने त्याच्याकडे असं बघितलं की आग्नेलने घाईने चिठ्ठी पुढे केली. ती आत गेली आणि लॅबच्या डॉक्टरांना घेऊन आली. डॉ. ऑस्टिन लोपीस, जाड चष्म्याचा, मध्यम वयाचा माणूस. काचेवरचे तुकडे बघून आजार ओळखायचं काम त्यांचं. त्यांनी बाटली हातात फिरवली, बाहेरून बोट लावलं, बोट जिभेला लावणार होते ते थांबले.

"मीठ टाकलंत?"

"टाकलं थोडं."

"कुठले तुम्ही?"

"राजोडी."

"तरीच." ते हसले नाहीत, पण रागावलेही नाहीत. "बसा. मी वाघोलीचा. माझी मावशी अर्नाळ्याला दिलेली, तिचा मासळीचाच धंदा. तुम्हाला समजावून सांगायला मला वेळ लागणार नाही. गोठलेली सुरमई विरघळली की काय होतं?"

"भुसभुशीत होते. पानी सुटतं."

"का?"

आग्नेलला उत्तर माहीत होतं. रोज तो तेच गिऱ्हाइकांना सांगायचा.

"आतल्या पाण्याचे काटे होतात," डॉक्टर म्हणाले, "आणि ते मांस फाडतात. कातडीचंही तसंच. मला त्यात फार बारीक गोष्टी बघायच्या असतात. कुठल्या पेशी कुठल्या थरात शिरल्यात, त्या कशा दिसतात. तिथे सगळीकडे भोकं पडली असतील तर आजाराची भोकं कुठली आणि बर्फाची कुठली, ते कसं सांगू? बाटलीतलं औषधच मांस टिकवतं. खोलीत नुसती ठेवली असती तरी चाललं असतं."

"आल्तारावर ठेवली असती तर?"

"आल्तारावर उत्तम."

आग्नेल डोकं धरून बसला.

"करतो मी," डॉ. ऑस्टिन म्हणाले. "कधी कधी एखादा कोपरा बचावतो. पण तुम्ही मनाची तयारी ठेवा."

त्या दिवशी आग्नेलने एका खानावळीची मासळी दुसरीला दिली, आणि बाजारातल्या बायकांनी त्याला चांगलंच फैलावर घेतलं. "काय रे आग्नेल, लग्नबिग्न ठरलं की काय, डोकं कुठंय तुझं?" एरवी तो उलट काहीतरी बोलला असता. त्या दिवशी पेट्या उतरवल्या आणि निघून गेला.

चारपाच दिवसांनी डॉ. पाटणकरांचा फोन आला. कोपरा बचावला नव्हता. नाहीही म्हणता येत नाही आणि होही म्हणता येत नाही. तुकडा पुन्हा घ्यावा लागणार.

"दुसरा काही इलाज?" आग्नेलने विचारलं. "नुसतं औषध देऊन बघता नाही येनार?"

"अंदाजाने औषध दिलं आणि डाग दबले, तर मागे काय होतं ते मला कधीच कळणार नाही. तुम्हाला चालेल?"

नाही, ते चालणार नव्हतं. तसं आयुष्य त्याला काढता आलं नसतं, पोरीच्या प्रत्येक डागाकडे बघत.

फिलूला सांगितलं तेव्हा तिने हातातली सुरी खाली ठेवली. "आल्तारावर ठेव म्हटलेलं मी. म्हटलेलं का नाही?"

"म्हटलेलंस."

"कोनी ऐकत नाही माझं. फिलू येडी." ती थोडा वेळ धुमसत राहिली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "पोरीला सांगू नको तू मीठ टाकलंस म्हनून. लॅबवाल्यांनी हरवला म्हन. नाहीतर डॉक्टरीन चुकली म्हन. पोरीचा तुझ्यावर जीव आहे. आई नाही तिला. बापावरचा भरवसा पन गेला तर मग राहिलं काय तिच्याकडे?"

आग्नेललाही ते पटलं. दुपारभर त्याने मनात शब्द जुळवले. लॅबमध्ये बाटली फुटली. फुटली म्हटलं की कोणाचीच चूक नाही. सोपं होतं.

जेनिफर सुरूच्या झाडांखाली एकटीच बसून शंख मांडत होती. डाग हातांवर आल्यापासून ती एकटीच खेळायची. चर्चमधल्या कॅटेकिझमच्या, म्हणजे धर्मशिक्षणाच्या वर्गात दोघी जणी तिच्या शेजारून उठून मागे गेल्या होत्या. ती घरी काही बोलली नव्हती, वर्ग घेणाऱ्या सिस्टरांनी फिलूला सांगितलं होतं. आग्नेल तिच्याशेजारी वाळूत बसला.

"जेनी, तो तुकडा घेतला ना, तो बिघडला. परत घ्यावा लागनार."

तिने मान वर केली नाही. हातातला शंख मात्र खाली ठेवला.

"कसा बिघडला?"

आता म्हणायचं होतं की फुटली. शब्द तयार होता. पण ती त्याच्याकडे बघत नव्हती आणि त्याला कळलं की ती का बघत नाही. ती उत्तराची वाटच बघत नव्हती. मोठी माणसं काय सांगतात ते तिला हॉस्पिटलातच कळलं होतं.

"मी बिघडवला," तो म्हणाला. "बर्फात ठेवला. वर मीठ टाकलं, मुठी भरून. तो गोठला आनि त्याला भोकं पडली. फ्रिजमध्ये ठेवू नका असं त्यांनी सांगितलेलं. मला वाटलं, बर्फ म्हनजे काय फ्रिज नाही. मला वाटलं मला जास्त कळतं."

आता तिने बघितलं.

"तू एकदाच म्हनालेलास."

"म्हनालेलो."

"शब्द दिलेलास."

"दिलेला. तो मोडला."

ती उठली, फ्रॉकची वाळू झटकली आणि फिलूच्या घरात निघून गेली. शंख तिथेच राहिले. आग्नेल बसून राहिला. आपण चूक केली की बरोबर केलं, त्याला कळेना. फिलूच्या घरातून भांड्यांचा आवाज आला, मग फिलूचा आवाज. रिटा असती तर ती आत्ता आत जाऊन पोरीशी काय बोलली असती, ते त्याला आठवून बघायचं होतं. काही केल्या आठवेना.

दिवेलागणीला पोर परत आली. तोंडाला वरणभात लागलेला. त्याच्यासमोर उभी राहिली.

"मीठ टाकलंस? माझ्यावर?"

"तुझ्यावर नाही. बर्फावर."

"मी काय सुरमई आहे?"

"नाही."

"बांगडा?"

"नाही गं."

"आत्या म्हनते, लिंबू पन पिळायचं राहिलं तुझं."

आग्नेलला हसू फुटलं आणि ते त्याला आवरेना. पोरीने थोडा वेळ रागाचं तोंड टिकवलं, मग तिलाही हसायला आलं. दारात फिलू उभी होती, ती पदरात तोंड लपवून हसत होती.

"परत करू दे त्यांना," जेनिफर म्हणाली. "दुखलं नाही तसं. पन बाटली मी नेनार. तू हात लावायचा नाही."

"नाही लावनार."

"बर्फाची पेटी टेम्पोत ठेवायची नाही."

"पेटीच ठेवनार नाही."

पुढच्या आठवड्यात ते दोघं पुन्हा विरारला गेले. दरम्यान तिच्या कमरेवर आणि पाठीवर नवे डाग उठले होते. डॉ. पाटणकरांनी भिंग लावून ते एकेक बघितले आणि एकावर पेनाने खूण केली.

"हा ताजा आहे. मागच्यापेक्षा चांगला. मागचा थोडा जुना झाला होता."

"म्हनजे बरंच झालं का पप्पाने गोठवला ते?" जेनिफरने विचारलं.

"बरं झालं असं मी म्हणणार नाही, नाहीतर तुझे पप्पा पुन्हा तसंच करतील," डॉक्टर म्हणाल्या, आणि आग्नेलला हसता हसता खोकला आला.

या वेळी तिने अंगठा धरला नाही. टाका घालून झाल्यावर तिने हात पुढे केला. लॅबचा माणूस त्या दिवशी यायचा होता, दवाखान्यातली मुलगी तसं सांगूही लागली. डॉक्टरांनी तिला थांबवलं आणि बाटली पोरीच्या हातात दिली. विरारहून नालासोपाऱ्यापर्यंत जेनिफर टेम्पोत पुढच्या सीटवर दोन्ही हातांनी बाटली धरून बसली. आग्नेलने खड्डे चुकवत गाडी एवढी हळू हाकली की मागचे रिक्षावाले त्याच्या खानदानाचा उद्धार करत पुढे गेले. लॅबमध्ये तिने टाचा उंचावून बाटली काउंटरवर ठेवली.

"मी आनली," तिने स्वप्नाला बजावलं. "बर्फ नाही लावला."

स्वप्नाने बाटली आडवी केली. पाणी इकडून तिकडे गेलं आणि मसुराएवढा तुकडा त्याच्याबरोबर लोळला. आग्नेलने मनातल्या मनात मारियेला हात जोडले.

मग वाट बघणं. ते दिवस त्याने कसे काढले ते त्याचं त्यालाच ठाऊक. फोन वाजला की तो टेम्पो बाजूला घ्यायचा. बहुतेक वेळा फोनवर कोणीतरी बोंबलाचा भाव विचारत असायचं.

डॉक्टरांनी बोलावलं तेव्हा फोनवर काही सांगितलं नाही, फक्त जेनिफरलाही आणा म्हणाल्या. पोरीला आणा म्हणाल्या, म्हणजे वाईट नसणार, असं फिलूचं म्हणणं. आग्नेलला मात्र आठवत होतं की रिटाच्या वेळीही मिसेसना सोबत आणा असंच म्हणाले होते.

तो दारातून आत आला आणि खुर्चीपर्यंत पोचायच्या आतच डॉ. पाटणकर बोलल्या, "नाही. तो नाही."

आग्नेल उभाच राहिला.

"बसा. ऐकलंत ना? तो आजार नाही. डॉ. ऑस्टिननी तुकडा दोनदा बघितला आणि आत्ताच मला फोन करून सांगितलं. म्हणाले, राजोडीच्या माणसाला आधी कळवा, तो झोपला नसेल."

"मग हे काय आहे?" जेनिफरने विचारलं. तिला तिच्या डागांशी काम होतं.

"याचं नाव जरा लांबलचक आहे. पिटिरियासिस लायकेनॉइड्स. कातडीला आतून सूज येते, कशामुळे ते नीट कोणालाच माहीत नाही. येतो, जातो, महिनोन्‌महिने रेंगाळतो. चिवट आहे, पण वाईट नाही. कोणाला लागत नाही. तू कोणाच्याही शेजारी बसू शकतेस."

"त्यांना कोन सांगनार?"

"तू सांग. आणि नाही ऐकलं तर मला फोन लावून दे."

पुढे डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या. मलम कुठलं लावायचं आणि मेडिकलवाल्याने दिलेलं कुठलं फेकून द्यायचं ते सांगितलं. म्हणाल्या की सकाळचं कोवळं ऊन अंगावर घ्यायचं, त्याने या डागांना आराम पडतो. लांब बाह्यांचे फ्रॉक घालून लपवत बसायचं नाही. दर दोन महिन्यांनी दाखवायला यायचं, कारण अशा डागांवर नजर ठेवलेली बरी. कातडी कुठे वेगळी दिसायला लागली, तर पुन्हा बघू.

"परत तुकडा?" जेनिफरने लगेच विचारलं.

"बहुतेक लागणार नाही."

जेनिफर डॉक्टरांकडे नाही, बापाकडे वळली. "पप्पा?"

नाही लागणार, असं म्हणायला त्याची जीभ आसुसली होती. आजच्यासारख्या दिवशी पोरीला काहीही देऊन टाकलं असतं त्याने.

"मला माहीत नाही, जेनी," तो म्हणाला. "डॉक्टर बहुतेक नाही म्हनतात. पन लागला, तर मला कळल्याबरोबर तुला सांगीन. का लागला ते पन सांगीन."

तिने थोडा विचार केला. "चालेल," ती म्हणाली आणि खुर्चीवरून उडी मारून खाली उतरली.

खाली टेम्पोत बसल्यावर आग्नेलने चावी घातली आणि तसाच बसून राहिला. आता हे सगळ्यात आधी रिटाला सांगायला हवं होतं. तिला सांगितल्याशिवाय कुठलीही गोष्ट त्याला पुरी झाल्यासारखी वाटत नसे, अजूनही. मग फिलूला फोन लावला.

"फिलू, तो नाही."

फिलूने एवढ्या मोठ्याने गळा काढला की त्याला फोन कानापासून लांब धरावा लागला.

"अगं, नाही म्हनतोय मी! नाही तो!"

"कळलं रे मेल्या, म्हनूनच रडते! मग काय आहे?"

"ते... पिटी... पिटरी..." त्याला नाव येईना.

जेनिफरने त्याच्या हातातून फोन घेतला. "आत्या, पिटिरियासिस लायकेनॉइड्स. लागत नाही कोनाला. आनि ऐक, पप्पाचे डोळे गळतायत, त्याला गाडी चालवता येत नाही, आम्हाला उशीर होईल." तिने थोडं ऐकून घेतलं. "नाही, मी बरी आहे. मला भूक लागलीय. आत्या विचारते, काय करू?"

"काय पन कर म्हनाव," आग्नेल डोळे पुसत म्हणाला. "मला पन लागलीय."

त्याने चावी फिरवली. एका खानावळीचा माणूस केव्हापासून फोन करत होता, त्याची मासळी अजून मागे पेटीत होती. ती पोचवून मग घरी जायचं होतं. जेनिफरने बाह्या कोपरापर्यंत वर सारल्या, हात खिडकीबाहेर काढला आणि गाडी निघाली.